"मी फक्त वाट दाखवली" हे कोर्टात चालत नाही

शहरातून शिकारीचे शौकीन बोलवायचे, रात्री बोलेरोत बसवून रानात फिरवायचं, पाणवठा दाखवायचा आणि ठरलेले पैसे घ्यायचे. आपल्याकडच्या काही पोरांनी याचा धंदा केलाय. बंदूक पाहुण्याची, गोळी पाहुण्याची, म्हणून गुन्हाही पाहुण्याचा, असं ही पोरं धरून चालतात. हा समज त्यांना तुरुंगात नेतो.

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मधली शिकारीची व्याख्या, कलम २(१६), एकदा वाचून काढा. मारणं तर आहेच, पण फासे लावणं, हाका करणं, आमिष ठेवणं आणि यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न करणं हीसुद्धा शिकारच. कलम ५२ प्रमाणे मदत करणाऱ्यानेही तोच गुन्हा केला असं धरतात. फोकस मारणारा, गाडी चालवणारा, नाल्याच्या अंगाने जनावर उठवणारा, सगळे आले त्यात. आणि खरं सांगायचं तर ज्याला रान पाठ आहे त्याच्याशिवाय बाहेरच्या माणसाला चितळ सापडणारच नाही. मग वाटाड्या किरकोळ कसा?

काळवीट, अस्वल, बिबट, वाघ हे पहिल्या अनुसूचीतले, म्हणजे कायद्याने सगळ्यात जास्त संरक्षण दिलेल्या यादीतले. शिक्षा किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७, आणि दंड किमान २५ हजार. जनावर दुसऱ्या अनुसूचीतलं असलं, पण शिकार अभयारण्यात झाली, तरी तेच किमान ३ वर्षं. जिथे किमान कैद ठरलेली आहे तिथे कलम ५४ ची तडजोडही होत नाही, म्हणजे पैसे भरून सुटका नाही. याच कायद्याखाली आधी शिक्षा झालेली असेल तर जामीनही अवघड: कलम ५१अ नुसार आधी सरकारी वकिलाला विरोध करायची संधी मिळते. गुन्हा सिद्ध झाला की गाडी सरकारजमा होऊ शकते, मग तिच्यावर बँकेचे हप्ते असोत की नसोत.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, हे पोरांना ठाऊक असतं. पण वनगुन्ह्यात सहायक वनसंरक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्याने आरोपीसमोर नोंदवलेला साक्षीदाराचा जबाब पुढे खटल्यातही पुरावा म्हणून घेता येतो, कलम ५०(८) आणि ५०(९). शिवाय मोबाइलचे कॉल, पैसे आल्याची नोंद आणि पाहुण्यानेच हौसेने काढलेले फोटो असतातच.

माझी तक्रार वनखात्याकडेही आहे. पीओआर (वनगुन्ह्याची पहिली नोंद) फाटतो, मांसाचा नमुना घेतात, पण सील नीट नसतं, पंचनाम्यात जागेचा जीपीएस नसतो, पंच पुढे फितूर होतात. तपास गावातल्या पोरापाशीच थांबतो आणि पैसे देणारा कागदावर येतच नाही. वाटाड्याच्या फोनवरून वर जाणं हेच तपासाचं मुख्य काम असायला हवं.

"रोही (नीलगाय)-डुकरं वावर खातात, मग मारू नये का?" असं कोणी विचारेल. पीक राखायचं तर वनविभागाची लेखी परवानगी घ्यावी लागते. ती त्या शेतकऱ्याच्या नुकसानीसाठी असते, कोणाच्या मेजवानीसाठी नाही. मेलेलं जनावरही सरकारचंच. आणि परवानगी असली तरी धुऱ्यावर तारेत वीज सोडता येत नाही. त्या तारेला जागलीवरचा माणूसही चिकटतो, आणि मग मनुष्यवधाचा गुन्हा लागू शकतो.

रात्री रानाच्या वाटेवर अनोळखी गाडीचा फोकस फिरताना दिसला तर अडवायला जाऊ नका, त्यांच्याकडे बंदूक असते. वनखात्याच्या १९२६ या नंबरला फोन करा. गाडीचा नंबर, वेळ, कुठल्या पाणवठ्याकडे वळली, एवढं सांगा. शिक्षा झाली तर दंडातली निम्म्यापर्यंत रक्कम मदत करणाऱ्याला द्यायची तरतूद कलम ६०अ मध्ये आहे.