बेल वाजली की म्यान होणारं हत्यार

मॉन्स्टर हंटर: वर्ल्ड या राक्षसांच्या शिकारीच्या व्हिडिओगेममध्ये हत्यारांचे १४ प्रकार आहेत. तीन लांबून मारायची, उरलेली ११ अंगाला भिडून. कुठलं हत्यार मिनिटाला किती मार देतं याचे तक्ते हौशी लोकांनी काढून ठेवलेत. तक्ते बरोबरही असतात. पण ज्याच्या घरी हॉलमध्येच टीव्ही, हॉलमध्येच देवघर आणि हॉलमध्येच आजीची कॉट आहे, त्याला ते काय कामाचे? आमच्याकडे हत्याराची पारख एकाच कसोटीवर होते. रॅथालोस नावाचा उडता राक्षस वरून झेपावतोय आणि त्याच क्षणी दारात इस्त्रीवाला उभा आहे, तर हातातलं हत्यार म्यान व्हायला किती वेळ लागतो?

चौघांत मिळून खेळताना पॉज नसतो, हे सगळ्या दुखण्याचं मूळ. क्वेस्टला, म्हणजे शिकारीच्या मोहिमेला, साधारण ५० मिनिटं मिळतात. बेशुद्ध पडण्याची मुभा चौघांत मिळून दोनदाच. तिसऱ्यांदा मांजरांनी कुणालाही हातगाडीवर घालून कॅम्पात आणून ओतलं की क्वेस्ट बुडाली. आधीच्या दोन वेळांचे पैसे बक्षिसातून कापले जातात ते वेगळेच. शिवाय निघण्यापूर्वी कॅन्टीनमध्ये चापून जेवून जी ताकद कमावली, ती बेशुद्धीबरोबर उतरते. म्हणजे बेल वाजणार आमची आणि भुर्दंड पडणार डोंबिवली, भांडुप आणि गिरगावात बसलेल्या तिघांना. रविवारी मेगाब्लॉक असला की चौघे हमखास घरी सापडतात, आणि नेमक्या त्याच दिवशी कचऱ्याची बाई, कुरिअर, मेन्टेनन्सची पावती आणि लग्नाची पत्रिका असे सगळे एका दमात येतात.

ग्रेट सोर्ड घ्या. माणसाएवढी लोखंडाची फळी. कंट्रोलरवरचं त्रिकोणाचं बटण दाबून धरायचं, शिकारी ती खांद्यामागे नेतो, एकेक करून तीनदा झळाळी येते आणि तिसरीला बोट सोडायचं. लोभ धरून आणखी थांबलात तर चढलेला जोर पुन्हा उतरतो. सगळ्यात मोठा घाव म्हणजे ट्रू चार्ज्ड स्लॅश, आणि तिथे पोचायला असे तीन टप्पे चढावे लागतात. वाट लांबची, म्हणून खांद्याचा टॅकल दिलेला आहे. चार्ज होता होता गोल दाबला की शिकारी खांदा पुढे घालून घुसतो, लागलेला मार कमी बसतो, तोल जात नाही आणि थेट पुढच्या टप्प्याचा चार्ज हाती येतो. नवीन माणूस टॅकल वापरत नाही आणि राक्षस जिथे आहे तिथे नेम धरतो. नेम धरायचा तो चार्ज भरेपर्यंत राक्षसाचं डोकं जिथे येणार आहे तिथे. नाहीतर सगळी ताकद जंगलातल्या गवतावर खर्च होते.

हे हत्यार म्यान होतं सावकाश. क्विक शीथ नावाचं कौशल्य तीन पातळ्यांपर्यंत चढवलं तर बरंच सुधारतं. पण ग्रेट सोर्डची खरी पद्धतच अशी आहे की बराच वेळ ते पाठीवर ठेवून धावायचं, संधी दिसली की उपसत एक घाव घालायचा, लोळण घ्यायची, पुन्हा म्यान. म्हणून वाटतं तितकं ते गृहस्थाला परकं नाही. चार्ज अर्धा भरलेला असताना बेल वाजली तरच पंचाईत.

ग्रेट सोर्डवाल्याचा मान असतो तो राक्षस झोपल्यावर. झोपलेल्या राक्षसाला जो पहिला मार बसतो तो दुप्पट लागतो, त्यामुळे पहिला हात कुणाचा हे ठरलेलं असावं लागतं. बाकीच्या तिघांनी चार पावलं मागे सरून हत्यारं म्यान करायची, फार तर या उसंतीत धार लावून घ्यायची, आणि ग्रेट सोर्डवाल्याला डोक्यापाशी जागा करून द्यायची. इथे हटकून कुणीतरी ड्युअल ब्लेड्सवाला उत्साहात दोन टिचक्या मारतो. पहिल्या टिचकीचा मार होता एवढासा, त्याचा दुप्पट म्हणजे तरी किती? राक्षस जागा, तीन जणांच्या शिव्या एकदम. आमच्याकडे याच वेळी कॉटवर आजी झोपलेली असते, त्यामुळे मला शिव्यासुद्धा कुजबुजत घालाव्या लागतात. पलीकडे त्या कुणाला ऐकूच जात नाहीत, आणि ड्युअल ब्लेड्सवाल्याला वाटतं चाललंय ते ठीकच चाललंय.

ड्युअल ब्लेड्सबद्दल एवढंच: आर-टू (कंट्रोलरच्या वरच्या कडेचं उजवं बटण) दाबला की डीमन मोड चालू, तो चालू असेपर्यंत स्टॅमिना, म्हणजे दम, गळत राहतो, म्हणून खिशात डॅश ज्यूस हवा. घाव पुष्कळ बसतात म्हणून धारही भराभर जाते. धार गेली तर काय मोठंसं, असं ज्यांना वाटतं त्यांनी आकडे बघावेत. धार किती ते तिच्या रंगावरून कळतं. आइसबोर्न या वर्ल्डच्या विस्तारात जांभळ्या धारेला मूळ ताकदीच्या १.३९ पट मार, पांढऱ्याला १.३२, निळ्याला १.२, हिरव्याला १.०५, पिवळीला जेमतेम १ आणि लाल धारेला निम्मा. पांढरीवरून निळीवर घसरलात की नऊ टक्के जोर गेला. वर धार फारच उतरली की टणक कातडीवरून पातं उसळतं आणि शिकारी दोन्ही हात वर करून राक्षसासमोर उघडा पडतो. राक्षस एका भागातून दुसऱ्या भागात निघाला की त्याच्या मागे धावू नये, तिथेच बसून धार लावावी. सगळे धावतात. मग तिकडे जाऊन त्याच्या नाकासमोर बसकण मारून लावतात.

आता लाँग सोर्ड. हत्यार देखणं आहे, वादच नाही. मारत राहिलं की स्पिरिट गेज नावाचा मापक भरतो, मग आर-टूचे घाव घालत शेवटचा राउंडस्लॅश नीट लागला की पातळी एकेक चढते: पांढरी, पिवळी, लाल. राक्षसाचा वार येताना बरोब्बर वेळ साधून मागे सरकत फोरसाइट स्लॅश घातला तर वार अंगाला न लागता निसटतो आणि पुढचा राउंडस्लॅश आयताच मिळतो. लाल पातळी घेऊन हेल्म ब्रेकर, म्हणजे हवेतून खाली घालायचा घाव, मारला की एक पातळी खर्ची पडते. पातळी वेळेगणिक विरतेही, म्हणून दार उघडून परत येईपर्यंत लाल गेज पिवळा झालेला असतो आणि कुणाला काही बोलता येत नाही. पण लाँग सोर्डचं खरं दुखणं घरात नसून पार्टीत, म्हणजे चौघांच्या टोळीत, आहे. त्याचा पट्टा लांब, हात आडवा, आणि तो शेजारच्या शिकाऱ्याला लागला की शेजाऱ्याचा तोल जाऊन हातातला घाव तुटतो. पावसात दादरच्या पुलावर भर गर्दीत फटकन छत्री उघडणारा माणूस असतो, त्याची ही तलवार. भांडुपवाला हातोडा घेऊन डोक्यापाशी पोचतो, डोंबिवलीकर हेल्म ब्रेकरच्या तयारीत तिथेच येतो, आणि पुढची पाच मिनिटं राक्षस सोडून माणसांचंच भांडण.

यावर नियम आहे आणि तो साधा आहे. डोकं हातोड्याचं आणि हंटिंग हॉर्नचं, शेपूट धारवाल्यांचं. हातोडा बोथट, तो डोक्यावर पुरेसा बसला की राक्षस चक्कर येऊन आडवा होतो आणि चौघांनाही फुकटचा वेळ मिळतो. बोथट हत्याराने शेपूट तुटत नाही, ती कापायला धारच लागते. तुटून पडलेल्या शेपटीतून वेगळं कापून माल मिळतो, तो घ्यायला विसरू नये. लाँग सोर्डवाल्याला त्या लांबीमुळे उंच शेपटी सहज गाठता येते, म्हणजे निसर्गानेच त्याला मागच्या बाजूला नेमलेलं आहे. तो ऐकत नाही, तो भाग वेगळा.

चार्ज ब्लेड म्हणजे तलवार-ढाल जोडून कुऱ्हाड होणारं हत्यार. त्याच्या वाट्याला संसारी माणसाने शक्यतो जाऊ नये. तलवार-ढालीने मारत गेज आधी पिवळा, मग लाल करायचा. आर-टू आणि गोल दाबून तो फायलमध्ये, म्हणजे ताकद साठवायच्या कुप्यांमध्ये, भरायचा. पिवळ्याला तीन फायल भरतात, लाल असेल तर पाच. भरायचं राहिलं आणि गेज पार तापला तर तलवार राक्षसावरून उसळायला लागते. मग मोठ्या कुऱ्हाडीच्या स्फोटाकडे जाता जाता मधेच आर-टू दाबून तो रद्द करायचा आणि त्या फायलची ताकद ढालीत ओतायची. ढाल लाल झाली. आता पुन्हा फायल भरायच्या, आणि मग सगळ्या एकदम उडवणारा तो मोठा घाव. शिवाय तलवारीची कुऱ्हाड होताना एका क्षणापुरती ढाल आपसूक पुढे येते. त्या क्षणी वार बसला तर अडवला जातो. याला गार्ड पॉइंट म्हणतात, आणि तो जमलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर बोर्डात आल्याचं समाधान असतं. मी हे सगळं मनात घोकत असतो आणि आई स्वयंपाकघरातून विचारते, "तीन शिट्ट्या झाल्या का रे?" माझ्या हिशोबात तीन फायल असतात. "हो" म्हटलं की त्या दिवशीची डाळ कच्ची.

स्विच ॲक्सलाही दोन रूपं, पण डोकेदुखी कमी. कुऱ्हाडीने हिंडायचं, तलवारीने झोडपायचं. तलवार पुरती तापली की राक्षसाच्या अंगावर चिकटून झीरो सम डिस्चार्ज मारता येतो. चिकटल्यावर मात्र इस्त्रीवाल्याने थांबावं, दुसरा इलाज नाही.

इन्सेक्ट ग्लेव्हवाल्याजवळ किडा असतो. तो पाठवून राक्षसाच्या अंगातून रस आणायचे: साधारणपणे डोक्याचा लाल, पाय किंवा पंखांचा पांढरा, धडाचा नारिंगी, आणि शेपटीचा हिरवा, ज्याने जखम भरते. लाल, पांढरा, नारिंगी तिन्ही जमले की मार वाढतो. पण त्यांचं घड्याळ चालू असतं. किराणावाल्याशी सुट्ट्यांवरून घासाघीस होईपर्यंत तिन्ही रंग विझतात आणि किड्याची वारी पहिल्यापासून.

गनलान्स, म्हणजे तोफ बसवलेला भाला, मला मनापासून आवडतो. राक्षसाची कातडी कितीही टणक असो, त्याच्या गोळ्याचा मार ठरलेला. नॉर्मल प्रकारात गोळे जास्त, एकदम सगळे उडवायला तो बरा. वाइडमध्ये गोळे कमी पण एकेक दणदणीत. लाँगमध्ये पल्ला मोठा. गोळ्यांनी धारही झिजते हे ध्यानात ठेवायचं, आणि बाजूला दोस्त असेल तर तो उडून पडतो हेही. वायव्हर्न्स फायर हा त्याचा मोठा स्फोट पेटवायला दोन-तीन सेकंद लागतात, एकदा उडवला की तो पुन्हा तयार व्हायला चांगला वेळ जातो. अडचण एकच: रात्री साडेअकराला टीव्हीच्या स्पीकरवर तो उडवला की भिंतीपलीकडच्या काकू सकाळी लिफ्टमध्ये विचारतात, "काल कुणाची वरात होती का?" हेडफोन लावावेत तर बेल ऐकू येत नाही, आणि बेल ऐकू न येण्याचे परिणाम रॅथालोसपेक्षा वाईट.

हंटिंग हॉर्न तुलनेने सोज्वळ. त्रिकोण, गोल आणि दोन्ही मिळून असे तीन सूर, प्रत्येक घावागणिक एक सूर जमा होतो, ठरलेला क्रम लागला की धून तयार. अशा धुनी साठवून आर-टूने एकदम वाजवायच्या, आणि लगेच पुन्हा वाजवून त्यांचा असर वाढवायचा. फायदा सगळ्या पार्टीला होतो, श्रेय कुणी देत नाही. तरी यातही घाव घालतच सूर जमवायचे असतात. कोपऱ्यात उभा राहून नुसतं वाजवणारा हॉर्नवाला म्हणजे तीन माणसांच्या जिवावर जगणारा चौथा.

पण गृहस्थाश्रमासाठी खरी हत्यारं दोनच. पहिलं लान्स, म्हणजे भाला आणि ढाल. आर-टू धरून ठेवला की भली मोठी ढाल समोर, आणि ती एका बोटाने धरता येते! डाव्या हाताने शेजारच्यांना विरजणाची वाटी देता देता उजव्या हाताच्या तर्जनीने डियाब्लोस या शिंगाड्या राक्षसाची धडक अडवणं इतर कुठल्या हत्याराला जमणार? अर्थात ढाल समोरचंच अडवते, पाठीमागून आलेलं नाही. प्रत्येक धडकेला स्टॅमिना जातो, आणि काही वार गार्ड अप कौशल्य असल्याशिवाय अडतच नाहीत. लान्सची दुसरी खुबी कमी लोकांना माहीत असते: त्याचा घाव धारेचा आणि बोथटाचा असा दोन्ही तपासला जातो. बोथट माराचे ७२ टक्के जर धारेपेक्षा जास्त भरत असतील तर तोच धरतात. म्हणून दगडासारख्या कातडीवरही लान्स हिरमुसत नाही.

दुसरं सोर्ड अँड शील्ड. झटकन म्यान होतं, आणि म्यान न करताही आर-टू धरून चौकोन दाबला की पोशन पिता येतं, सापळा लावता येतो. बाकीचे दहा जण आधी हत्यार पाठीवर टाकणार, मग बाटली काढणार, आणि तेवढ्यात राक्षस येऊन ती बाटली, तो माणूस, सगळंच उधळणार. ढालीचे फटके डोक्यावर बसले तर थोडी चक्करही येते. राक्षस लंगडायला लागला, नकाशावर त्याच्या चित्राशी कवटी दिसली, की सापळा लावून त्यात तो अडकल्यावर दोन ट्रँक बॉम्ब, म्हणजे गुंगीचे बॉम्ब, फेकायचे, जिवंत पकडला जातो. हे काम या हत्याराने सगळ्यात बिनघोर होतं. फक्त सापळ्यानंतर बाकीच्यांनी मारणं थांबवावं, एवढीच प्रार्थना.

आणि हातात काहीही असो, पिशवीत एक फारकास्टर ठेवावा. बेल वाजली, की सुरू असलेला घाव पुरा होऊ द्यायचा, लोळण घेऊन म्यान करायचं, राक्षसाची पाठ वळलेली बघून फारकास्टर जमिनीवर फेकायचा. शिकारी थेट कॅम्पवर. तंबूत शिरलात की राक्षस येत नाही. नकाशावर मात्र तुमचा ठिपका कॅम्पवर स्वस्थ बसलेला तिघांना दिसत असतो, त्यामुळे "नेट गेलं होतं" ही थाप चालत नाही. पावसाळ्यात नेट खरोखरच जातं. तेव्हा क्वेस्ट बंद पडत नाही, अख्खा राक्षस आपल्या एकट्याच्या गळ्यात येतो.

नवीन कुणी विचारलं, की मी त्याला ट्रेनिंग एरियात पाठवतो. तिथे खांब आणि पिंपं आहेत, कोपऱ्यात बटणांचे क्रम दिसतात, कुणी मारायला येत नाही. अकराही हत्यारं पंधरा-पंधरा मिनिटं फिरवून बघ, घरात माणसं किती ते मोज, बेल किती वेळा वाजते ते धर, आणि मग ठरव, असं सांगतो. तो सगळं ऐकून घेतो आणि लाँग सोर्ड उचलतो. म्हणून आपल्याच चिलखतात फ्लिंच फ्रीची निदान एक पातळी बसवून ठेवावी. तेवढ्याने त्याच्या तलवारीने आपला तोल जात नाही.