मावशीचा डी-डायमर 640 आणि 'लसीच्या गुठळ्यां'चा तो मेसेज

नौपाड्यातल्या एका सोसायटीच्या ग्रुपवरून फिरत फिरत तो मेसेज शेवटी मावशीकडे पोचलाच. सहा मुद्दे, मध्ये हात जोडलेले, खाली 'निदान दहा जणांना पाठवा'. म्हणणं असं: कोविडची लस घेतलेल्या प्रत्येकाच्या रक्तात गुठळ्या होताहेत, गरब्यात, जिममध्ये तरुण कोसळतात ते त्यामुळेच, रक्ततपासणीत डी-डायमर 500 च्या वर आला की गुठळी पक्की, मग रोज इकोस्प्रिन 75 (म्हणजे ॲस्पिरिनची गोळी) आणि लसूण-आल्याचा काढा सुरू करा, कोलेस्टेरॉल-तंबाखू हे औषध कंपन्यांनी उभं केलेलं बुजगावणं, आणि अटॅक आलाच तर जोरजोरात खोका. 68 वर्षांच्या मावशीने माणूस घरी बोलावून रक्त दिलं, रिपोर्ट आला 640, आणि संध्याकाळी इकोस्प्रिनची पट्टी घरात.

तिसरा मुद्दा आधी घेऊ, कारण खिशाला आणि जिवाला तोच महागात पडतोय. गुठळी म्हणजे फायब्रिनच्या धाग्यांचं जाळं. शरीर ते जाळं नंतर कापून काढतं आणि त्या कापलेल्या तुकड्यांपैकी एक म्हणजे डी-डायमर. कुठेतरी जाळं विणलं गेलं नि उसवलं गेलं, एवढंच हा आकडा सांगतो. ऑपरेशननंतर तो वाढतो, न्यूमोनियात वाढतो, डेंग्यूत वाढतो, गरोदरपणात, कॅन्सरमध्ये वाढतो आणि वयाबरोबर तर नुसताच चढत जातो. म्हणून पन्नाशीनंतर 500 ची रेघ न धरता वय गुणिले 10 धरतात. 68 व्या वर्षी 680. मावशीचा 640 रेघेच्या आतच आहे! लॅबच्या कागदावर तो ठळक छापून आला, कारण तिथली छापील मर्यादा तिशीच्या पोराला आणि मावशीला एकच.

त्यात एककांचा घोळ. काही लॅब एफईयूमध्ये (फायब्रिनोजेनच्या हिशेबाने) आकडा देतात, काही डीडीयूमध्ये (नुसत्या डी-डायमरच्या हिशेबाने), आणि पहिला दुसऱ्याच्या साधारण दुप्पट येतो. एफईयूतले 500 म्हणजे डीडीयूतले 250. वर सांगितलेला वयाचा हिशेब एफईयूचा, मावशीचा 640 ही एफईयूतला असेल तरच लागू. मेसेजमध्ये एकक लिहिलेलंच नाही, म्हणजे लिहिणाऱ्याला ते असतं हेही ठाऊक नसावं.

मुळात ही तपासणी गुठळी 'नाही' हे ठरवायला आहे. पायाच्या शिरेत गुठळीची शंका असली की डॉक्टर आधी पाय बघतात. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून 10 सेंमी खाली दोन्ही पोटऱ्यांना टेप लावतात. घेरात 3 सेंमीपेक्षा जास्त फरक असेल तर तो मोजणीत धरतात. बोटाने दाबल्यावर एकाच पायावर खड्डा राहतो का, गेल्या 12 आठवड्यांत मोठं ऑपरेशन झालंय का, तीनेक दिवस अंथरुणाला खिळून होतात का, कॅन्सरचे उपचार चालू आहेत का, हे विचारतात. शक्यता कमी आणि डी-डायमरही कमी, तर घरी जा. शक्यता जास्त दिसली तर डी-डायमरवर न थांबता थेट डॉप्लर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी. पाय सुजलेला नाही, धाप नाही, छातीत दुखत नाही, अशा माणसाने पॅकेजमध्ये आहे म्हणून करून घ्यायची ही गोष्ट नव्हे.

आणि समजा, खरोखर शिरेत गुठळी निघाली, तरी इकोस्प्रिन हा तिचा उपचार नाही. ॲस्पिरिन प्लेटलेट्सवर काम करतं, त्याचा उपयोग मुख्यतः धमनीतल्या गुठळीत. शिरेतल्या गुठळीला हेपारिन, ॲपिक्साबॅन, वॉरफरिन असली औषधं लागतात, तीही निदान तीन महिने. निरोगी म्हाताऱ्या माणसांना 'असू दे एक' म्हणून ॲस्पिरिन देऊन पाहिलेलंही आहे: ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत 19,000 हून अधिक जणांवर, बहुतेक सत्तरीपुढचे. 2018 मध्ये निकाल आला. हृदयविकार लक्षणीय कमी झाले नाहीत, मोठे रक्तस्राव मात्र वाढले. ज्यांना स्टेंट आहे किंवा अटॅक येऊन गेलाय त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी हे वाचून गोळी बंद करू नये.

आता लस. इथे अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य. कोविशिल्डच्या जातीच्या लसीने फार थोड्यांना गुठळ्या झाल्या, काही दगावलेही. ब्रिटनमध्ये पहिल्या डोसनंतर दहा लाखांत साधारण 15. पण त्या प्रकारात गुठळीबरोबर प्लेटलेट्स घसरतात, आणि तो डोसनंतरच्या काही आठवड्यांतच दिसतो. 2021 चा डोस आज अचानक पोटरीत उगवत नाही. शिवाय खुद्द कोविड झाल्यावर गुठळीचा धोका काही महिने वाढलेला राहतो, ते मेसेजात नाही.

गरब्यात कोसळणाऱ्यांबद्दल मात्र अंदाज बांधायची गरजच नाही, आयसीएमआरने ते मोजलंय. 18 ते 45 वयाचे, वरवर धडधाकट आणि अचानक गेलेले 729 जण. आणि त्यांच्याच वयाचे, लिंगाचे, त्याच परिसरात राहणारे जिवंत 2,916. देशभरातली 47 रुग्णालयं, काळ ऑक्टोबर 2021 ते मार्च 2023. ही जिवंत माणसं मोजणं हाच सगळा कळीचा भाग. गेलेल्या दहापैकी नऊ जणांनी लस घेतली होती, असं कुणी सांगितलं की अंगावर काटा येतो. पण शेजारच्या जिवंत दहांपैकीही नऊ जणांनी घेतली असेल तर त्या आकड्याला अर्थ काय उरला? दोन डोस घेतलेल्यांत अचानक मृत्यूची शक्यता उलट कमी निघाली. वाढलेली दिसली ती कुणात? कोविडसाठी दवाखान्यात राहून आलेल्यांत, घराण्यात आधी कुणाचा असा अचानक मृत्यू झालेल्यांत, मृत्यूच्या आधीच्या 48 तासांत बेसुमार दारू प्यायलेल्यांत किंवा फार जोराचे श्रम केलेल्यांत. अचानक मृत्यू म्हणजे दरवेळी गुठळीच असंही नाही, हे धरूनही मेसेजचा दावा उभा राहत नाही.

बाकीचं पटकन. तंबाखू-कोलेस्टेरॉल बुजगावणं नाही; हार्ट अटॅकची कारणं शोधणाऱ्या 2004 च्या इंटरहार्ट अभ्यासात 52 देशांत तेच वर आले, आणि दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो हेही त्यातूनच कळलं. लसूण भाजीत घाला. खोकत बसू नका, 108 लावा.

भीतीच घालायची होती तर एक खरी गोष्ट हाताशी होती, ती मेसेज लिहिणाऱ्याला सुचली नाही. गणपतीत पाळी पुढे ढकलायला मेडिकलमधून सर्रास आणतात ती नोरेथिस्टेरॉन, 5 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. तिचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, आणि शिरेतल्या गुठळीचा धोका त्याने वाढतो. चार तासांहून जास्त एका जागी बसून केलेल्या प्रवासानेही तो साधारण दुप्पट होतो. विमानच हवं असं नाही, बस-गाडीतही. एकेकटा धोका फार लहान, पण वजन जास्त, आधी कधी गुठळी झालेली, नुकतंच प्लास्टर निघालेलं, त्यात ही गोळी आणि वर ठाण्याहून कोकणात रात्रभर एसटी, असं एकाच बाईच्या वाट्याला येऊ शकतं. तिने गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं, आणि गाडी थांबेल तिथे खाली उतरून चार पावलं चालावं.