शेठ, एआय आणताय? आधी हार आणा

शेठ, शेजारच्या प्लॉटवाल्यानं एआय आणलं हे कळल्यापासून तुमचा डोळ्याला डोळा नाही, हे भोसरी एमआयडीसीत चहाच्या टपरीपर्यंत पोचलंय. घाबरू नका. तुम्हाला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही, ही तुमची अडचण नाही, पात्रता आहे. कळत असतं तर प्रश्न विचारत बसला असता.

सुरुवातीलाच एक पथ्य पाळा. एआयनं नेमकं कुठलं काम करायचं, हे ठरवू नका. "आपल्याकडं कोटेशन जायला चार दिवस लागतात, तेवढंच आधी करून बघू," असं बोलणारा एखादा पोरगा ऑफिसात असतोच. त्याला डिस्पॅचला बसवा. लवकर गेलेल्या कोटेशनचा फ्लेक्स लागत नाही. फ्लेक्सवर निळा मेंदू हवा, त्यातून निघालेल्या वायरी हव्यात आणि शेजारी सफारीतले तुम्ही.

मग सल्लागार येईल. तो "डेटा कुठाय?" असं विचारेल, तेव्हा जपून. त्याला चुकूनही स्टोअरच्या काकांकडं नेऊ नका. काकांच्या रजिस्टरात एकच बोल्ट चार नावांनी नांदतो: 'एम१० बोल्ट', '१० एमएम बोल्ट', 'बोल्ट मोठा' आणि 'तो जुन्या पार्टीवाला'. काका म्हणतील, "शेठ, आधी सगळं एका नावावर आणू. दोन महिने द्या, मग तुमचं काय ते मशीन बसवा." दोन महिने! तोवर शेजारी पुढं जाईल. ते रजिस्टर आहे तसंच आत ओता. एआय अतिशय शुद्ध मराठीत सांगेल की बोल्ट भरपूर आहेत. नसल्याचं लाइन बंद पडल्यावर कळेलच, त्याला वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही.

गुपितांची काळजी करू नका. २०२३ मध्ये सॅमसंगच्या इंजिनिअरांनी कंपनीचा कोड चॅटजीपीटीत चिकटवला आणि कंपनीला असल्या साधनांवर बंदी घालावी लागली. ती मोठी माणसं. तुमच्याकडं फक्त ग्राहकाची ड्रॉइंगं. त्यांवर 'कॉन्फिडेन्शियल' असा शिक्का आहे खरा, पण तो आजवर कोण वाचत होतं? भाच्याच्या फुकटच्या खात्यातून बिनधास्त चढवा.

चॅटबॉटही लावा, रात्री-बेरात्री ग्राहकांना भाव सांगायला. एअर कॅनडाच्या बॉटनं, घरातलं माणूस वारलं म्हणून निघालेल्या एका प्रवाशाला तिकिटाच्या सवलतीबद्दल चुकीची माहिती दिली. कंपनीनं बाजू मांडली की बॉट हा वेगळाच घटक आहे, त्याच्या बोलण्याला तोच जबाबदार. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या न्यायाधिकरणानं हे काही मानलं नाही, भरपाई द्यायला लावली. त्यांना जमलं नाही म्हणून तुम्हाला जमणार नाही असं थोडंच आहे? "ते ड्रायव्हरनं केलं" यावर तुम्ही इतकी वर्षं धंदा केलाय.

आणि एआयनं लिहिलेलं वाचायचं नाही, सही करायची. न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले, कुठंच न झालेले खटले कोर्टात दाखले म्हणून दिले. २०२३ मध्ये त्यांना ५,००० डॉलर दंड झाला. एकेक खटला शोधून बघायला किती वेळ गेला असता, विचार करा.

कामगारांची एक मीटिंग घ्याच. "कुणाचीही नोकरी जाणार नाही," हे वाक्य तीनदा म्हणा. पहिल्यांदा कुणी घाबरलेलं नसतं.

किती तास वाचले, किती माल परत आला, हे मात्र मोजायचं नाही. मोजलं की विषय संपतो आणि पुढच्या फ्लेक्सला मजकूर उरत नाही.

आता राहिली खंडेनवमी. प्रेसला हार, लेथला हार, कंप्रेसरला हार. एआयला कुठं घालणार? ते क्लाउडवर आहे म्हणतात. सल्लागाराच्या लॅपटॉपला घालावा, तर तो ॲडव्हान्स घेऊन गेला तो अजून आलेला नाही. हार उरलाच, तर काकांच्या रजिस्टराला घाला. सल्लागाराला किती दिलेत, ते तेवढंच त्यात एका नावानं लिहिलेलं आहे.