पाइनची मुळं मृगात धुऊ नका

वळीव पडून गेला की एक मेसेज दरवर्षी फिरायला लागतो. यंदा मला तो तिघांनी पाठवला, त्यात एक आमच्या गल्लीतलेच काका. मजकूर असा : ‘जपानी काळा पाइन घरीच बोन्साय करा. रोप आणल्याबरोबर उथळ ट्रेमध्ये लावा, म्हणजे बुटकं राहील. खत-पाणी बेताचंच द्या. दरवर्षी मृग लागला की मुळं स्वच्छ धुवा, पांढरी बुरशी काढून टाका आणि नव्या मातीत लावा. तीन वर्षांत बोन्साय तयार.’

यातलं खरं एवढंच की कुंडी अधूनमधून बदलावी लागते.

आधी मृगाचं बघू. झाड लावायचं ते पावसाच्या तोंडावर, हे आपल्या हाडात भिनलंय आणि आंबा-फणसाला ते बरोबरही आहे. पाइनचा हिशेब मात्र शेंड्याच्या कळीवर चालतो. काळ्या पाइनची कळी पांढरी, केसाळ असते. ती फुगलेली असते पण लांबायला लागलेली नसते, तेव्हा मुळांना हात लावायचा. माझ्या गच्चीवर ही वेळ जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत येते. तेव्हा कापलेल्या मुळांना पुढच्या वाढीचा सगळा जोर मिळतो. जूनपर्यंत तो जोर नव्या फुटव्यांत खर्च झालेला असतो. वर कापलेली मुळं आणि कोल्हापूरचा चार महिन्यांचा पाऊस. सडणार नाही तर काय होणार?

आता बुरशी. मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच, आणि मी स्वतः त्याला फसलोय. कुंडीतून निरोगी पाइन उपसला की मुळांभोवती कापूस पिंजून लावल्यासारखं पांढरं जाळं दिसतं. नाक जवळ नेलं तर अळंबीचा वास येतो. हा रोग नव्हे. ही मायकोरायझा, म्हणजे मुळांशी भागीदारी करणारी बुरशी. तिचे तंतू मुळं पोचत नाहीत तिथून पाणी आणि फॉस्फरस आणून देतात, बदल्यात झाडाकडून साखर घेतात. काही वर्षांपूर्वी जुलैत मी माझ्या दोन पाइनची मुळं नळाखाली धरून जुन्या टूथब्रशनं घासली, वर बुरशीनाशकात बुडवली. महिनाभर दोन्ही हिरवीगार होती, मी खूश! पाइनची ही खोड आहे, मेला तरी कितीतरी दिवस हिरवा दिसतो. गणपतीच्या सुमाराला सुया राखी पडल्या आणि चिमटीत धरल्या की गळून यायला लागल्या.

मग करायचं काय? दोन-तीन वर्षांच्या तरण्या रोपाची जुनी माती एकदा पूर्ण काढता येते, पण ती काडीनं हलकेच मोकळी करून आणि ओली ठेवून. खाली जाणारं सोटमूळ छाटायचं, बाकीची मुळं चाकाच्या आऱ्यांसारखी चौफेर पसरायची. झाड मोठं झालं की मात्र एका वेळी अर्धाच गड्डा मोकळा करतात, उरलेला एक-दोन वर्षांनी. जुन्या मातीतली मूठभर नव्यात मिसळली की बुरशीही सोबत जाते.

‘नवी माती’ हाही घोळच. पाइनला बागेची काळी माती नको, खडा हवा. जपानात अकादामा नावाची दाणेदार माती वापरतात. इथं ती महाग पडते. मी कुंभाराकडून फुटक्या कुंड्या आणि भाजलेल्या विटांचा चुरा आणतो, तीन ते सहा मिलिमीटरचे दाणे चाळून घेतो आणि पीठ टाकून देतो. त्यात थोडा प्युमिस, म्हणजे ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड. पाणी ओतलं की तळातून लगेच धार लागली पाहिजे, मग पावसाची भीती बरीच कमी होते.

उथळ ट्रेबद्दल बोलायचं तर ट्रे ही शेवटची पायरी. ट्रेमध्ये कोवळं रोप बुटकं राहतं, पण काडीसारखंच राहतं. बुंधा जाड व्हायला झाड मोकळं वाढावं लागतं. मी तांदूळ धुवायच्या प्लॅस्टिकच्या रोळीत लावतो. भोकांतून बाहेर डोकावलेलं मूळ हवेनं सुकतं आणि आत नवे फाटे फुटतात. एक फांदी मुद्दाम उंच जाऊ द्यायची. ती बुंधा फुगवते, काम झालं की कापायची. खोडाला वळण द्यायचं ते पेन्सिलीएवढं असतानाच, तारेनं. तीन वर्षांत फार तर तेवढंच हाती येतं. ट्रेची गोष्ट दहा वर्षांनी काढा.

आणि उपासमार? काळा पाइन हा जपानी समुद्रकाठचा, भर उन्हातला खादाड गडी. त्याला खत भरपूर लागतं. बोन्साय आकारात राहतं ते छाटणीनं, उपाशी ठेवून नव्हे. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात यामाकी कुटुंबानं 1976 मध्ये भेट दिलेला एक पाइन आहे. तो काळा नव्हे, पांढरा. पण 1625 पासून बोन्साय म्हणून जोपासलेला आणि हिरोशिमाच्या बॉम्बमधून वाचलेला. उपाशी झाड एवढं टिकत नाही.

काकांना हे सगळं सांगायला गेलो, तर ते रोप दाखवायला घेऊन गेले. काळ्या पाइनच्या सुया जोडीनं येतात, बुडाशी पातळ पापुद्र्याचं वेष्टण असतं. काकांच्या रोपाची ‘सुई’ ओढली, तर ती सांध्यावर अलगद सुटली. सुरूचं झाड होतं ते! काकांना म्हटलं, करा खुशाल पावसाळ्यात कुंडीबदल, सुरूला चालतं.