यात्रेतला तंबू मोबाइलनं मारला नाही

सातारा जिल्ह्यातल्या पुसेगावच्या यात्रेत सेवागिरी महाराजांच्या रथाचं दर्शन झालं, खिलार बैलांचा बाजार फिरून झाला, की अंधार पडताना सगळी गर्दी सिनेमाच्या तंबूकडे वळायची. माझे चुलते, आप्पा, त्या तंबूत ऑपरेटर होते. म्हणून मला मशीनच्या ट्रकशेजारी बसायला मिळायचं.

सिनेमा पत्र्याच्या पेटीतून यायचा. हजार फुटांचं एक रीळ म्हणजे ११ मिनिटं. अडीच तासांच्या पिक्चरला १४ रिळं. पट्टी तुटली की आप्पा ब्लेडनं खरवडून, सोल्यूशन लावून जोडायचे आणि बाहेर शिट्ट्या चालू असायच्या. प्रिंट जुनी, ओरखडे पडलेली. पण मालकानं एकदा पैसे मोजले की ती त्याच्या हातात असायची. गर्दी वाढली तर पहाटेपर्यंत शो. पुसेगावच्या आधी म्हसवडला सिद्धनाथाच्या रथाला, पुढं पौषात पालच्या खंडोबाला, चैत्रात शिखर शिंगणापूरला तीच पेटी.

२००५ च्या सुमाराला सॅटेलाइटवरून सिनेमा थेट थिएटरात उतरायला लागला. २०१२ मध्ये फुजीफिल्मनं सिनेमाची फिल्म बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. यात चांगलं झालंच. निर्मात्याचा प्रिंटचा खर्च वाचला, तालुक्याच्या गावाला नवा पिक्चर त्याच शुक्रवारी दिसू लागला. माझं भांडण तंत्राशी नाही.

भांडण किल्लीशी आहे. डिजिटल सिनेमाची फाइल कुलूपबंद येते. ठरलेल्या मशीनवर, ठरलेल्या मुदतीतच ती उघडते. मशीनला लाखो रुपये. वर्षातले मोजके महिने चालणाऱ्या तंबूवाल्यानं ते कुठून आणायचे?

सगळे म्हणतात, तंबू मोबाइलनं मारला. मला हे पटत नाही. जिओचं फुकट इंटरनेट आलं सप्टेंबर २०१६ मध्ये. आप्पांचं काम त्याच्या आधीच सुटलं होतं, कारण नव्या पिक्चरच्या पेट्याच बंद झाल्या होत्या. रीळ झिजायचं, झिजलं की स्वस्त व्हायचं आणि स्वस्त झालं की आमच्या माण-खटाव तालुक्यांपर्यंत पोचायचं. फाइल झिजत नाही, त्यामुळं ती खाली उतरतही नाही. पाठवायला खरं तर रिळापेक्षा कितीतरी स्वस्त, आणि तरी गरिबाच्या पडद्यापर्यंत यायची तिची वाटच कुणी आखली नाही. याचा मला मनापासून राग आहे.

मराठी सिनेमाला शहरात शो मिळत नाहीत, ही ओरड दरवर्षी ऐकतो. इकडं यात्रेत लाखो माणसं जमतात. राज्य सरकार मराठी चित्रपटांना अनुदान देतं. मग अनुदान घेतलेला सिनेमा वर्षभरानं यात्रेच्या तंबूंना नाममात्र दरात, शो मोजत न बसता दाखवू द्यावा, अशी अट घालायला काय हरकत आहे? साध्या प्रोजेक्टरवर चालेल अशी फाइल द्या, यात्रा संपेपर्यंत किल्ली उघडी ठेवा.

सिनेमाच्या धंद्यातलं कुणी हे वाचत असेल, तर यात काय अडचण आहे ते खाली लिहा. आप्पांना वाचून दाखवीन.