फो सोडून काहीतरी खा रे बाबांनो

परवा परत तेच. ग्रुपवर कोणीतरी विचारलं, इथे कॅलिफोर्नियात सॅन होजेमध्ये चांगलं व्हिएतनामी कुठे मिळतं, आणि खाली 15 जणांनी तीच दोन नावं टाकली, दोन्हीकडे फो, म्हणजे ते तांदळाच्या शेवयांचं सूप, दोन्हीकडे 4.6 स्टार. अरे, व्हिएतनामच्या बाहेर कुठल्याही एका शहरात सगळ्यात जास्त व्हिएतनामी माणसं याच सॅन होजेत राहतात आणि आपण ऑफिसजवळ पार्किंग मिळतं म्हणून तिथेच जाऊन येतो.

माझं म्हणणं एवढंच की मॅपवर ‘व्हिएतनामी रेस्टॉरंट’ शोधूच नका. पदार्थाचं नाव टाका. बुन रियू, बान्ह सेओ, कॉम ताम. व्हिएतनामी अक्षरांवरच्या त्या खुणा नाही टाकल्या तरी चालतं. मग स्टोरी रोड, टली रोड, सेंटर रोडकडच्या स्ट्रिप मॉलमधली, नेल सलून आणि टॅक्सवाल्याच्या मधे दबलेली दुकानं दिसायला लागतात, ज्यांच्या पाटीवरच पदार्थाचं नाव असतं. जो माणूस दुकानाला एकाच पदार्थाचं नाव देतो त्याला तो येत असतो, आजवर हा अंदाज माझा एकदाच चुकलाय. मेन्यूत 120 आयटम आणि वर पॅड थाई, म्हणजे थायलंडचा पदार्थ, पण असेल तर गाडी वळवा.

बुन रियूचंच घ्या. खेकडे कवचासकट कुटायचे, पाण्यात कालवून गाळायचे आणि तो रस उकळला की खेकड्याचा मऊ थर वर तरंगतो. आमची आजी खेकड्याचे बारीक पाय पाट्यावर वाटून रस्सा करायची, अगदी तसंच, फक्त इथे त्यात टोमॅटो आणि शेवया. सोबत मॅम तोम देतात, कोळंबीची जांभळट चटणी, वास असा की बायको दोन खुर्च्या लांब बसली. पण ज्याच्या घरी सुकट भाजताना शेजारी खिडक्या लावायचे त्याला काय फरक पडणार.

बान्ह सेओ म्हणजे हळद आणि नारळाचं दूध घातलेलं घावन, आत कोळंबी, पोर्क आणि मोड, आणि ‘सेओ’ म्हणजे तव्यावर पीठ पडल्याचा आवाज, आपलं चर्रर्र. मोहरीच्या पानात गुंडाळून हातानेच खायचं, काटा मागू नका प्लीज. आणि कॉम ताम तर चक्क कणीचा भात! अख्खा तांदूळ बाजारात, कणी शेतकऱ्याच्या घरात, तिकडेही तेच होतं, आता त्यावर भाजलेलं पोर्क चॉप ठेवून विकतात.

शाकाहारी लोकांसाठी: ‘व्हेज फो’वर विश्वास ठेवू नका, वर टोफू असतो आणि खालचं पाणी बऱ्याचदा हाडांचंच. आमचा एक मित्र दोन वर्षं तेच आवडीने पीत होता, अजून त्याला सांगितलेलं नाही. पाटीवर ‘चाय’ शोधा, म्हणजे शाकाहारी. बरेच बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी चायच खातात, त्यामुळे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास तिथे गर्दी असते.

आता या दुकानांचे ऑनलाइन रिव्ह्यू. ‘फूड चांगलं पण सर्व्हिस रूड’, म्हणून तीन स्टार. 1975 ला युद्धात दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगॉन पडल्यावर तिथले लोक इथे आले, इलेक्ट्रॉनिक्सच्या असेंब्ली लाइनवर उभे राहिले, आणि ही दुकानं त्यांनी एकमेकांना जेवायला घालायला काढली, तुमचं वेलकम ड्रिंक करायला नाही. पुण्यात पाट्या लावून अपमान करणाऱ्याचं आपण कौतुक करतो, फोटो फॉरवर्ड करतो, आणि इथल्या मावशीने हसून पाणी दिलं नाही तर लगेच एक स्टार कमी?

हल्ली माझा मुक्काम एका बान्ह कुओनवाल्या, म्हणजे तांदळाचे वाफवलेले पापुद्रे करणाऱ्या, मावशींकडे. भांड्यावर ताणून बांधलेलं फडकं, त्यावर तांदळाचं पातळ पीठ, झाकण, अर्ध्या मिनिटात काडीने पापुद्रा उचलला की झालं. पहिल्या तीन वेळा त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत, चौथ्यांदा मी मॅम तोम मागितलं तर किचनमध्ये ओरडून काहीतरी सांगितलं आणि आतून दोन डोकी मला बघायला बाहेर आली.

शनिवारी सकाळी 9 ला निघतोय. गाडीत तीन जागा आहेत. कॅश आणा, तिथे कार्ड चालत नाही.