घर वाचवणारा दगड किनारा वाचवत नाही

पाण्याकाठी जागा असलेल्या लोकांचे फोन मला वर्षातल्या ठरावीक दिवसांत येतात. उधाणाची भरती आणि वादळी वारा एकाच रात्री आलेले असतात, आणि सकाळी बघावं तर कुंपणाचे खांब तारांना लटकत असतात, खाली जमीनच नसते. आवाजातली भीती खरी असते. पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय हे त्या माणसांनी शब्दशः पाहिलेलं असतं. आणि जवळपास प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो: "दगडाच्या किती गाड्या टाकाव्या लागतील?"

किनारा संरक्षणाच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. काठाला लागून रचलेले दगडी बंधारे मी स्वतः उभे राहून बांधून घेतले आहेत, आणि गरज असेल तिथे उद्याही बांधीन. त्यामुळे ही पोस्ट दगडाच्या विरोधात नाही. पण 'किती गाड्या' हा सगळ्यात शेवटी विचारायचा प्रश्न आहे. तो पहिल्यांदा विचारल्यामुळे काय होतं ते मी पाहिलंय, म्हणून इतकं लांबलचक लिहितोय.

आधी बघायचं ते जमीन नेमकी कशाने जातेय. ऐकायला सोपं वाटतं, पण इथेच सगळ्यात मोठ्या चुका होतात. उंच दरडीचा काठ असेल तर पुष्कळदा दोष लाटेचा नसतोच. वरून मुरलेलं पाणी मातीच्या पोटातून काठाकडे येतं, माती जड आणि भुसभुशीत होते, आणि एक दिवस अख्खा लचका खाली येतो. अशा एका जागेवर मी उशिरा पोहोचलो होतो. पायथ्याचा बंधारा उत्तम बांधलेला, एक दगड हललेला नाही, आणि वरची बाग त्या दगडांवर येऊन पडलेली. छताच्या पन्हाळीचं पाणी आणि शोषखड्डा, दोन्ही काठापासून हाकेच्या अंतरावर सोडलेले होते. तिथे आधी ते पाणी वळवायला हवं होतं. त्या घरातल्या आजी मला सारखं विचारत होत्या, "दगड तर चांगले आहेत ना?" मला उत्तर देता येईना.

वाळूच्या किनाऱ्याची गोष्ट निराळी. वाळू किनाऱ्यावर मुक्कामाला नसते, ती प्रवासात असते. लाट तिरकी येते, वाळूचा कण तिरका वर चढवते. परतताना पाणी उतारावरून सरळ खाली येतं आणि कणालाही घेऊन येतं. पुढची लाट पुन्हा तिरकी. असं करवतीच्या दात्यांसारखं पुढे पुढे सरकत वर्षभरात प्रचंड वाळू किनाऱ्याच्या कडेकडेने निघून जाते. जेवढी जाते तेवढीच मागून येत राहते तोवर किनारा आपल्याला स्थिर वाटतो. मागून यायची थांबली की धूप सुरू. नदीवर धरण झालं, तोंडाशी रेती उपसली, शेजारी बंदराचा ब्रेकवॉटर, म्हणजे लाटा अडवायला समुद्रात घातलेला बांध, उभा राहिला, यातलं काहीही कारण असू शकतं. पुदुच्चेरीत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात बंदराचे ब्रेकवॉटर झाले, उत्तरेकडे जाणारी वाळू अडली आणि शहरासमोरची वाळूची पुळण नाहीशी झाली. तिथे दगड टाकले. धूप उत्तरेला सरकली, तिथल्या मच्छीमारांच्या वस्त्यांसमोर दगड टाकले. धूप आणखी पुढे गेली.

हे 'पुढे जाणं' नीट समजून घ्या, कारण माझं सगळं म्हणणं त्याच्यावर उभं आहे.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर होल्डरनेस नावाचा पट्टा आहे. हिमनद्यांनी आणून टाकलेल्या मऊ चिकणमातीच्या दरडी, आणि युरोपात सर्वांत वेगाने झिजणाऱ्या किनाऱ्यांत त्याची गणना होते. वर्षाला साधारण दीड-दोन मीटर जमीन समुद्रात जाते. तिथे मॅपल्टन नावाचं छोटं गाव आहे. समुद्र गावाच्या आणि मुख्य रस्त्याच्या उंबऱ्याशी आला तेव्हा १९९१ मध्ये नॉर्वेहून ग्रॅनाइटच्या शिळा आणून दोन ग्रोइन (किनाऱ्यापासून समुद्रात आडवे घातलेले, वाळू अडवणारे बांध) आणि दरडीच्या पायथ्याशी दगडी बंधारा बांधला. गाव वाचलं, रस्ता वाचला. ग्रोइनच्या उत्तरेला वाळू साचून छान पुळण तयार झाली. पण ती वाळू दक्षिणेकडे निघाली होती. ती पोहोचली नाही आणि गावाच्या दक्षिणेला दरडींची झीज वाढली. तिकडची शेतीवाडी आणि घरं समुद्राने आणखी घाईने घेतली.

आता सांगा, तो बंधारा यशस्वी की अयशस्वी? गावातल्या माणसाला विचाराल तर यशस्वी, आणि त्याला खोटं कोण म्हणेल? दक्षिणेच्या शेतकऱ्याला विचाराल तर त्याची जमीन त्या दगडांनी खाल्ली. दोघंही बरोबर आहेत, आणि म्हणूनच 'माझी जमीन, माझे पैसे, माझा दगड' ही भाषा मला पटत नाही. तुमच्या दगडाचा परिणाम तुमच्या हद्दीच्या खुणेपाशी थांबत नाही. माझं मत स्पष्ट आहे: जो बंधारा बांधून वाळू अडवतो त्याने ती वाळू पुढच्याला द्यायची जबाबदारी घ्यावी, मग ती व्यक्ती असो, गाव असो वा बंदर. वाळू उचलून अडथळ्याच्या पलीकडे टाकता येते, जगात काही बंदरं ते वर्षानुवर्षं करताहेत. ते करायचं नसेल तर परवानगी मिळू नये.

दुसरी गोष्ट तुमच्या स्वतःच्याच पुळणीची. मोकळा किनारा मागे सरकतो तेव्हा पुळणही त्याच्याबरोबर मागे सरकते, तिची रुंदी बरीचशी टिकते. बंधारा घातला की मागची रेघ पक्की होते आणि पाण्याची रेघ पुढे येतच राहते. मधली पुळण आक्रसते. शिवाय दरड झिजून जी वाळू खाली मिळायची तीही कुलूपबंद होते. अमेरिकेतल्या गॅल्व्हेस्टन शहरात १९०० च्या चक्रीवादळात किमान ६,००० माणसं गेली. त्यानंतर १९०२ ते १९०४ मध्ये सुमारे १७ फूट उंचीची काँक्रीटची भिंत बांधली, पायथ्याशी दगड रचले. १९१५ च्या मोठ्या वादळात त्या भिंतीने शहर वाचवलं. त्या शहराने भिंत बांधली नसती तर मी त्याला वेडं म्हटलं असतं. पण समोरची पुळण नंतरच्या दशकांत झिजत गेली, आणि ती परत मिळवायला पुढे बाहेरून वाळू आणून टाकावी लागली. भिंतीने जे करायचं कबूल केलं होतं ते केलं. पुळण वाचवायचं तिने कधी कबूल केलंच नव्हतं.

एवढं सगळं बघूनही काही ठिकाणी दगडच लागतो. मागे राहतं घर आहे, सरकायला जागा नाही, लाटेचा मारा जबर आहे. मग तो नीट बांधा. अर्धवट बांधलेला बंधारा म्हणजे शेजाऱ्याचं नुकसान आणि तुमचंही.

दगडाचं वजन अंदाजपंचे ठरत नाही. अमेरिकी अभियंता हडसन यांनी १९५० च्या दशकात मांडलेलं सूत्र आजही प्राथमिक हिशेबाला वापरतात, आणि त्यातली एक गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवावी: दगडाचं लागणारं वजन लाटेच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. लाट दुप्पट तर दगड आठपट. दोनास एक (दोन आडवे, एक उभा) अशा उताराला एक मीटर लाटेसाठी दीडशे-पावणेदोनशे किलोचा दगड पुरत असेल, तर दोन मीटर लाटेला तो सव्वा टनाच्या आसपास जातो. शांत तळ्याकाठी चाललेलं काम पाहून आलेला माणूस उघड्या समुद्रावर तोच दगड टाकतो, तेव्हा पहिल्या वादळात ते दगड पुळणीवर विखुरलेले सापडतात. दगड कोनदार हवा, गोटा नको. गोटे एकमेकांत अडकत नाहीत. लांबुळकी फरशीसारखी शिळाही नको. आणि डंपर उलटा करून ढीग करणं म्हणजे बंधारा नव्हे. पोकलेनने एकेक दगड उचलून, तो कुठे बसतो ते बघून लावायचा असतो, किमान दोन थर. मधल्या पोकळ्या सिमेंटने भरू नका, दया करा! त्या फटींतच लाट शिरते, फुटते आणि दमते. फटी बुजवल्या की लाट आपटून परत फिरते आणि जाताना पायथ्याची वाळू उकरते.

पायथा. साईटवर आम्ही त्याला टो म्हणतो. मी पाहिलेले कोसळलेले बंधारे बहुतेक इथून गेलेत. वरून सुंदर दिसणारं काम आणि पायथ्याचा दगड नुसता वाळूवर ठेवलेला. वादळात पुढची वाळू खाली जाते, तळाचा दगड घसरतो, आणि त्याच्यावरचा प्रत्येक दगड त्याच्या मागे. पायथा वाळू उकरली जाण्याच्या खोलीखाली गाडा, किंवा पुढे दगडांचा असा पसारा ठेवा की खड्डा पडला तर ते दगड त्यात बसतील.

खालचं फिल्टर कोणाला दिसत नाही, म्हणून पहिली काटकसर तिथेच होते. दगडांच्या फटींतून पाणी आत-बाहेर करताना मागची माती थोडी थोडी घेऊन जातं. जिओटेक्स्टाईल कापड (पाणी जाऊ देणारं, पण माती अडवणारं), त्यावर लहान दगडांचा थर, मग मोठा दगड. हे नसेल तर बंधारा उभा राहतो आणि त्याच्यामागे जमीन पोकळ होत जाते. कापडावर थेट मोठा दगड आपटला तर ते फाटतं, आणि फाटलेलं कापड असून नसून सारखंच.

दोन्ही टोकं काठात आत वळवून घ्या. लाटा टोकाला वळसा घालून मागे शिरतात.

आणि पर्याय? लाटेचा जोर कमी असलेल्या खाडीत, तळ्याकाठी, संथ नदीकाठी मी आधी झाडांकडे जातो. पाणगवत, खारफुटी, गरज पडली तर त्यांच्यापुढे दगडांचा बुटका बांध. मुळं माती धरतात, गाळ साचतो, काठ हळूहळू वर येतो. उघड्या समुद्रावर हे चालणार नाही, आणि चालेल असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. तिथे वाळू आणून टाकणं किंवा मागे सरकणं हेच खरे पर्याय. मागे सरकणं म्हटलं की लोकांना राग येतो. अमेरिकेतलं केप हॅटरसचं १८७० चं दीपगृह बांधलं तेव्हा पाण्यापासून साडेचारशे मीटरवर होतं. शंभर वर्षांत ते अंतर चाळीस मीटरच्याही आत आलं. शेवटी १९९९ मध्ये तो अख्खा मनोरा रुळांवर चढवून सुमारे ८८० मीटर आत नेला, २३ दिवसांत. सगळ्यांना हे परवडत नाही, मला माहीत आहे. पण नवीन घर बांधणाऱ्याला काठापासून आणखी मागे जाणं आज जवळजवळ फुकट आहे.

हवामानबदलाचा अभ्यास मांडणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या आयपीसीसी या मंडळाच्या ताज्या मूल्यांकनानुसार १९०१ ते २०१८ मध्ये जगाची सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटर वाढली आणि वाढीचा वेग चढता आहे. म्हणजे हे फोन मला आणखी येणार आहेत.

तेव्हा फोन करायच्या आधी एवढं करा. काठापासून आत, हलणार नाहीत अशा तीन-चार खुंट्या आजच ठोका. प्रत्येक मोठ्या उधाणानंतर खुंटीपासून काठापर्यंतचं अंतर मोजून तारखेसह वहीत लिहा. पूर्ण ओहोटीला, त्याच जागी उभं राहून फोटो काढा. जुने फोटो, जुने नकाशे घरात असतील ते शोधा. आणि दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना बोलवा, विशेषतः वाळू ज्याच्याकडे जाते त्याला. मी पहिल्यांदा ती वहीच मागणार आहे.